चिंधाभाऊंच्या छातीत बसलेलं

१

चिंधा चौरे यांचं उजवं अंग सकाळी गेलं आणि ते स्वतः संध्याकाळी गेले. मधल्या आठ तासांत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत होता. "भुरी."

सकाळी ओट्यावर चहा पीत बसले होते. बशी हातातून निसटली आणि तोंड एका बाजूला ओघळलं. बायकोनं विचारलं, काय होतंय? "भुरी." मुलानं विचारलं, पाणी देऊ का? "भुरी." खैरपाड्याहून धुळ्यापर्यंत अडीच तास रुग्णवाहिकेत तेच चाललं होतं. शेवटी शेवटी आवाज फुटेना, तरी ओठ तोच शब्द करत होते.

भुरीबाई म्हणजे त्यांच्या शेजारची सत्तरीची विधवा. गावाला याहून मोठा पुरावा नको होता.

हे मला फोनवर ज्योत्स्नानं सांगितलं. ज्योत्स्ना माझी कॉलेजातली मैत्रीण. साक्री तालुक्यात पार पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी खैरपाडा आहे. तिथल्या उपकेंद्रात ती सिस्टर आहे. ती सहसा घाबरत नाही. त्या दिवशी तिचा आवाज बसला होता.

"गाव म्हणतंय, डाकिणीनं काळीज खाल्लं. रविवारी भगत दाणे बघणार आहे. दाण्यांत भुरीबाईचं नाव निघालं की संपलं, हेमा. बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या पाड्यावर असंच एकीचं नाव निघालं होतं. तिसऱ्या दिवशी ती विहिरीत सापडली."

"पोलिसांना कळवलंस?"

"येऊन गेले, समज देऊन गेले. जाताना एकानं भुरीबाईलाच विचारलं, आजी, तुम्हाला दुसरीकडे राहायला कोणी नाही का?"

मी हेमलता बिऱ्हाडे. धुळ्याच्या एका हृदयाच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. माहेर जळगावचं, पिंप्राळ्यातलं. वडील जन्मभर शाळामास्तर आणि विहारातले वक्ते. आमच्या घरात भूत हा शब्द कुणी काढला तर त्याला ताटावरून उठवत. त्यामुळे असलं काही ऐकलं की मला आधी भीती वाटत नाही, राग येतो. हा माझा मोठाच गुण आहे, अशी परवापर्यंत माझी समजूत होती.

चिंधाभाऊंची फाइल आमच्याच दवाखान्यात होती. ती मागवून मी शेवटचं पान उघडलं आणि तिथला आकडा पाहून खुर्चीत सरळ झाले. भुरीबाईनं काही केलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं. पण कुणीतरी काहीतरी केलं होतं.

२

मार्चमध्ये, होळीच्या आधी, चिंधाभाऊंना हार्ट अटॅक आला होता. आठव्या दिवशी त्यांची सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली तेव्हा मीही त्या खोलीत होते, कारण नंतर मला त्यांना आहार सांगायचा होता. पडद्यावर हृदय उघडझाप करत होतं. त्याच्या टोकाला मात्र भिंत हलत नव्हती, आणि त्या मुक्या भिंतीला चिकटून काहीतरी लोंबत होतं. रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर ते डुलायचं.

चिंधाभाऊंनी मान वळवून ते पाहिलं.

"सायेब, हाई काय शे? हाई हालस. जितं शे का?"

डॉक्टर हसले. "जिवंत नाही हो बाबा. रक्ताची गुठळी आहे."

"मना काईजमा बठेल शे?"

"हो. बसलीय तिथे."

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. अटॅकमध्ये हृदयाच्या भिंतीचा एक तुकडा मरतो. त्या जागेला सूज येते, शरीर तिकडे डागडुजीला धावतं आणि त्या धावपळीत तिथलं रक्त चिकट होतं. त्यात ती भिंत हलत नाही. न हलणाऱ्या जागी रक्त साचतं आणि विरजण लावलेल्या दुधासारखं धरतं. गुठळी जागेवर राहिली तर राहिली. तिचा कण सुटून मेंदूत गेला की अर्धं अंग जातं. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी देतात आणि दर महिन्याला रक्त तपासून ती लागू पडते का ते बघतात. आकडा दोन ते तीनमध्ये हवा.

चिंधाभाऊंचा आकडा एप्रिलमध्ये २.३, मेमध्ये २.५, जूनमध्ये २.६ होता. पाहून शाबासकी द्यावी असे आकडे. जुलैची जागा रिकामी होती आणि तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "फोन केला. भाताची लावणी चालू. पुढील महिन्यात येतील." तीन महिने आकडे चांगले होते, म्हणून मीच होकार दिला होता.

मरणाच्या दिवशीचा आकडा होता १.१.

म्हणजे गोळीचं नखभरही न खाणाऱ्या माणसाचं रक्त.

"गोळ्या बंद केल्या असणार," डॉक्टर म्हणाले. "बरं वाटलं की सोडतात. तुम्ही तिकडे गेलात तर दवाखान्याच्या नावानं काही बोलू नका म्हणजे झालं."

चिंधाभाऊंनी गोळ्या सोडल्या असत्या तर प्रश्न मिटला. पण कुणी त्या मुद्दाम चुकवल्या असतील, बदलल्या असतील, तर त्याला कायद्यात वेगळं नाव आहे. आणि तसं असेल तर डाकिणीची आवई उठवण्यात त्या माणसाचा फायदाच होता.

३

शनिवारी सकाळी निघाले. वाटेत पिंपळनेरला राकेशचं मेडिकल स्टोअर आहे. गोळ्या तिथूनच जायच्या. राकेश तिशीचा, बोलका. मी विचारायच्या आधीच त्यानं बिलांची चळत पुढे ठेवली.

"मॅडम, दर महिन्याला तीस गोळ्या. त्याच कंपनीच्या. याच खोक्यातल्या गोळ्या आमचे सासरे घेतात, त्यांचा आकडा गेल्याच आठवड्यात २.७ आलाय. हा घ्या कागद."

कागद खरा होता. दुकानातून खोटी गोळी गेली नव्हती.

खैरपाड्यात शिरले तेव्हा अकरा वाजले असतील, पण ढग इतके खाली उतरले होते की वेळ कळत नव्हती. लावणीचे दिवस, तरी शेतात कुणी नाही. दारं बंद. प्रत्येक उंबऱ्यापुढे राखेची एक रेघ ओढलेली होती, नेमकी भुरीबाईच्या झोपडीच्या दिशेला. एका घराच्या फटीतून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. मी बघितल्यावर फट मिटली.

द्रौपदाबाई, चिंधाभाऊंची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बिस्किटाचा एक डबा पुढे सारला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, महिन्यावार दोऱ्यानं बांधलेली. मी मोजली. एकही गोळी कमी नव्हती की जास्त नव्हती.

"एक बी गोयी चुकनी नही, ताई. बादल रोज दे नि तो मना डोयासमोर खाये."

बादल, त्यांचा मुलगा, बावीस वर्षांचा. कोपऱ्यात उभा होता, नजर खाली. मोबाइलमध्ये रोज संध्याकाळी सहाचा गजर लावलेला त्यानं मला दाखवला. ज्योत्स्नाकडून मला आधीच कळलं होतं की त्याला कामासाठी सुरतला जायचं होतं आणि बापानं अडवलं होतं. या दोघांचं आठ-आठ दिवस बोलणं नसायचं.

"तू द्यायचास ती गोळी हीच, ना बादल?"

"हो, मॅडम." मग तो म्हणाला, "तुम्हाला वाटतंय मी मारलं?"

मला तसं वाटत होतं. मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याची मला आज लाज वाटते.

द्रौपदाबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. जायच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, चिंधाभाऊंचा डावा हात अचानक गार पडला होता. "बोटे निया पडी ग्यात, ताई. मरेल मानूसना हात जसा. दोन घंटामा परत ऊन व्हयना." तेव्हापासून ते छातीवर तळवा ठेवून बसायचे. म्हणायचे, ते जागं झालंय.

गुठळीचा बारीक कण हातात जाऊन विरघळला असणार, हे मला समजत होतं. समजूनही अंगावर काटा आला.

४

कौतिक चौरे हा चिंधाभाऊंचा चुलतभाऊ आणि गावाचा भगत. माझा खरा संशय त्याच्यावर होता. भुरीबाईची झोपडी आणि मागचं अर्धा एकर त्याच्या बांधाला लागून होतं. डाकीण ठरवायची, हाकलायची, जागा घ्यायची. असल्या बातम्या मी पेपरात ढिगानं वाचल्या होत्या. शिवाय भगताची मुळी पोटात गेली तर गोळीवर पाणी पडू शकतं. चोर पकडल्याच्या थाटातच मी त्याच्यासमोर बसले.

साठीचा, वाळलेला माणूस. डोळे रडून सुजलेले.

"मी औषध दिन्हंच नही, ताई. चिंधानीच सांगं, भाऊ, डॉक्टरनी गोयी चालू शे, एक पोटमा दोन औषधे नको. मी बी म्हनं, बरोबर शे."

"आणि भुरीबाईची जागा?"

तो रागावलासुद्धा नाही.

"मना दोन्ही पोरे सुरतले शेत. शे ती जमीन पडीक शे. आनखी लिसन काय करू?" मग आवाज उतरवून म्हणाला, "माले भ्याव वाटस, ताई. चिंधा सांगे, डॉक्टरनी टीव्हीवर दाखाडं, काईजमा काहीतरी बठेल शे नि हालस. तुमना मशीनले बी दिसनं. मंग ते कोनी बसाडं? आज चिंधा ग्या, उद्या कोन?"

डाकीण या गावात नव्यानं आली ती आमच्या तपासणीच्या खोलीतून आली होती. पडद्यावरचं ते लोंबणारं चिंधाभाऊंनी घरोघर सांगितलं, आणि त्याचं काय समजायचं ते त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

कौतिक खोटं बोलत नव्हता. घाबरलेला होता, आणि दुष्ट माणसापेक्षा घाबरलेला माणूस जास्त धोक्याचा असतो. मी त्याला म्हटलं, उद्या दाणे बघण्याआधी मला बोलू द्या. त्यानं मान हलवली.

"बोला. पन ताई, सांगनं पडी. कोना हातथीन व्हयनं ते सांगनं पडी. नाव बिगर गाव झोपाव नही."

५

भुरीबाईच्या दारात राखेची रेघ नव्हती. तिनं कुणाविरुद्ध ओढायची?

ती चुलीपुढे बसली होती, एवढीशी. हाताची बोटं हिरवट, चिरा पडलेली. डोंगरातून मोहाची फुलं, डिंक, पाला, कंद आणून विकणारी बाई. मी तिला समजावलं. आजी, हे सगळं थोतांड आहे. डाकीण-बिकीण काही नसतं. चिंधाभाऊंचा मेंदूचा डावा भाग बंद पडला. अशा माणसाच्या तोंडात एकच शब्द अडकून बसतो. आमच्याकडे एक गृहस्थ होते, ते बायकोलासुद्धा "सोमवार" म्हणायचे.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"रोज सकायले मी डोंगरमाथीन येऊ नि तो ओटावरथीन आवाज दे. भुरी, काय लई उनी? त्या दिन बी आवाज दिन्हा. भुरी म्हने, नि पुढलं तोंडमाच राही गयं."

म्हणजे, काय घेऊन आलीस हे विचारता विचारता शब्द अडकला, ते कळलं. मी वहीत लिहून घेतलं आणि मला माझंच कौतुक वाटलं. ती जे म्हणाली त्यातल्या अर्ध्या भागाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, हे तेव्हा कळलं नाही.

"उद्या मी सगळ्यांना सांगते," मी म्हटलं. "तुम्ही घाबरू नका. तुम्ही काही केलेलं नाही."

"तुले कसं म्हाईत, बाई?"

"म्हणजे?"

"माले सपन पडनं व्हतं. चिंधा मना दारशी उभा शे, नि त्यानी छाती उघडी, नि आतमा काहीतरी हालस. दोनदाव पडनं." तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "मी निजस तवय मना जीव कोठे जास, माले काय म्हाईत? बठ्ठा गाव म्हनस. तं मंग व्हई बी."

चूल विझत आली होती. बाहेर रिपरिप चालू होती आणि मी, माझ्या बापाची मुलगी, तिच्यापासून एक वीतभर मागे सरकले. मी सरकले हे तिनं पाहिलं.

६

दुखवट्याचं घर असलं तरी पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत. द्रौपदाबाईंच्या नणंदेनं ताट वाढलं. नागलीची भाकर आणि काळपट हिरवी भाजी.

"खा, ताई," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मेथी नही, पालक नही. तुमना कागदमा जे नको म्हनेल शे, ते आम्ही घरमा आनंच नही. लगीनमा बी तो मेथीले हात लाये नही."

त्यांनी बोट केलं तिकडे देव्हाऱ्याशेजारी माझा कागद टांगलेला होता. बादलनं त्याला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं होतं. माझं अक्षर. "वर्ज्य: मेथी, पालक, शेपू, कोबी." हिरव्या पानांत असं एक जीवनसत्त्व असतं की ते या गोळीचं तोंड बांधतं. म्हणून आम्ही ही पानं कमी करायला सांगतो. इतक्या इमानानं कागद पाळणारं घर मी धुळे शहरात एकही पाहिलेलं नाही.

दुसरा घास गिळला आणि घसा खाजायला लागला. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या घशात ती म्हण खरोखरच उतरली होती.

"ही कसली भाजी?"

"तेरा शे. डोंगरना पाला. आंबट टाकं तरी थोडा खाजस."

"नेहमी करता?"

"नही ओ! सन व्हवापयले पानले कोन हात लावत नही. तेराना सन व्हस, देवले पान दाखाडतस, मंगच खावानं. मंग रोजच. हाई तेरा, तो कुरडू, तो तरोटा. पानीना दिन, दुसरं काय शे घरमा?"

माझा हात ताटातच राहिला.

"सण कधी झाला?"

"आषाढमा. महिना व्हई ग्या."

"आणि त्याच्या आधी? उन्हाळ्यात काय खात होता?"

"उडीदनी दाय. सुका मासा. मिरचीना ठेचा. उन्हायामा पाला कोठे भेटस, ताई?"

एप्रिल, मे, जून. २.३, २.५, २.६. आम्ही गोळीचा डोस बसवला तो पान न खाणाऱ्या माणसाच्या रक्तावर. मग आषाढ आला, देवाला पान दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणूस दोन वेळ ताटभर पाला खायला लागला. मेथी नाही, पालक नाही. डोंगराचा पाला. तो माझ्या कागदावर नव्हता, कारण तो मला माहीतच नव्हता. गोळी रोज पोटात जात होती आणि रोज वाया जात होती. त्याच महिन्यात रक्त तपासलं असतं तर आकड्यानं ओरडून सांगितलं असतं. तो महिना मीच सोडून दिला होता.

आकडे खाली आले. तो हात गार पडला. ते जागं झालं.

मी गुन्हेगार शोधायला आले होते. भिंतीवर तिची सही होती.

"ताई, काय व्हयनं? जास्त खाजस का?" द्रौपदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाणी पितापिता मला दुसरी गोष्ट सुचली आणि ती पहिलीहून वाईट होती. द्रौपदाबाई नवऱ्यापाशी बसून असायच्या. त्यांना डोंगरात जायला फुरसत कुठे? मी विचारलं. उत्तर मला आधीच माहीत झालं होतं.

"भुरीबाई दे आणीसन. रोज सकायले. फुकट दे, चिंधाना जीव शे म्हने भाजीवर."

भुरी, काय लई उनी?

७

"बोलू नकोस," ज्योत्स्ना मला उपकेंद्राच्या ओट्यावर म्हणाली. "पाल्यानं गोळी मारली एवढं तू म्हणालीस की पुढचा प्रश्न काय येईल, सांग? पाला कुणी आणला? तू तिला सोडवायला आलीस आणि तूच बांधून देशील."

"मग काय सांगू?"

"सांग, देवाची इच्छा. सांग, गोळीच खराब निघाली."

"म्हणजे राकेशचं दुकान फोडतील."

मी रात्रभर उजळणी केली असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे मी भ्याले होते. डॉक्टरांचं वाक्य कानात होतं. दवाखान्याच्या नावानं काही बोलू नका.

रविवारी दुपारी गाव देवाच्या दगडापाशी जमलं. पाऊस थांबला होता, पण झाडांवरून पाणी गळत होतं, आणि एवढी माणसं असून तेवढाच आवाज येत होता. भुरीबाईला एका बाजूला बसवलं होतं. तिच्याभोवती दहा हात जागा मोकळी. ती जमिनीकडे बघत होती, निकाल ठाऊक असलेल्या माणसासारखी. कौतिकनं सूप मांडीवर घेतलं, त्यात दाणे घेतले, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. पडद्यावर दिसलं ते काय होतं ते आधी सांगितलं. मुकी भिंत, सूज, साचलेलं रक्त, विरजण. ते कुणी बसवलेलं नव्हतं. अटॅक आलेल्या खूप जणांना तसं होतं. मग गोळी सांगितली.

"गोळी खरी होती. बादलनं एकही चुकवली नाही. त्यानं बापाला जपलं, जेवढं जपता येईल तेवढं. काल मी त्याच्यावर संशय घेतला, ते माझं चुकलं."

बादल लोकांच्या मागे उभा होता. तो मटकन खाली बसला आणि हुंदके द्यायला लागला. पाच दिवस तो रडला नव्हता, असं नंतर ज्योत्स्ना म्हणाली. आपणच कुठेतरी चुकलो, असं त्याला वाटत होतं.

"मंग गोयी लागू काबर व्हयनी नही?" कौतिकनं विचारलं.

"पाल्यामुळे. तेरा, कुरडू, तरोटा. ही गोळी घेणाऱ्यानं एकदम एवढा पाला खायचा नसतो."

कुजबुज झाली. मग तो प्रश्न आला, शांतपणे, जसा ज्योत्स्नानं सांगितला होता तसाच.

"पाला कोनी आना?"

सगळ्या माना भुरीबाईकडे वळल्या. तिनं डोळे मिटून घेतले.

"भुरीबाईंनी आणला," मी म्हटलं. "द्रौपदाबाईंनी शिजवला. आणि तुम्ही सगळ्यांनी तोच पाला खाल्ला. मीही काल खाल्ला. कोण मेलं? पाल्यात काही नव्हतं. चिंधाभाऊंनी तो बेतानं खायचा आणि रक्त तपासत राहायचं, हे त्यांना एका माणसानं सांगायचं होतं. त्या माणसाला त्याचाच पगार मिळतो. त्यानं धुळ्यात बसून धुळ्याच्या बाजारातल्या चार भाज्या लिहून दिल्या. तुम्ही काय खाता, कधी खाता, सणाआधी काय, सणानंतर काय, एका शब्दानं विचारलं नाही. रक्त तपासायला येता येत नाही म्हटल्यावर, राहू द्या, पुढच्या महिन्यात या, असंही त्यानंच सांगितलं. तो माणूस मी आहे. माझ्या दवाखान्यानं बोलू नको म्हणून सांगितलंय, तरी बोलतेय. चिंधाभाऊ जगले असते."

द्रौपदाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत शिवी असती तर सोसलं असतं. त्या नुसत्या हिशेब लावत असल्यासारख्या बघत राहिल्या. घास कुणाचा, हात कुणाचा. मग त्यांनी पदरात तोंड घातलं.

"म्हंजे हात तुना," कौतिक म्हणाला.

त्याच्या लेखी हात म्हणजे डाकिणीचा हात, हे मला कळत होतं. मी चूक म्हणत होते, तो हात म्हणत होता. वडील असते तर त्यांनी तिथेच त्याला फरक समजावून दिला असता, तासभर. पण त्या फरकाच्या खाली एक म्हातारी बसली होती.

"हो," मी म्हटलं. "हात माझा."

कौतिकनं सुपातले दाणे तसेच पोत्यात ओतले. "दाना देखानं काम नही," तो म्हणाला आणि उठला. त्याच्यामागून एकेक जण उठला. जाताना प्रत्येकानं माझ्यापासून लांबचा रस्ता धरला. कडेवरच्या पोराचा चेहरा एका बाईनं पदरानं झाकला.

भुरीबाई तिथेच होती. तिला उठता येत नव्हतं. पण चेहरा कालचा नव्हता. ती स्वतःशीच पुटपुटत होती, पुन्हा पुन्हा, हसत आणि रडत.

"मी नव्हती. माय ओ माय, मी नव्हती."

मी धावतच तिच्याजवळ गेले आणि तिला उठवायला हात पुढे केला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"दूर राह, माय," ती म्हणाली. "माले हात नको लाऊ."

तिला काल पटवून सांगायला माझ्यापाशी किती शब्द होते. आज त्यातला एकही मी काढला नाही, कारण तो काढला असता तर तिला पुन्हा स्वतःचाच संशय आला असता आणि आजची तिची झोप गेली असती. मी हात मागे घेतला, चार पावलं लांब जाऊन उभी राहिले, आणि ती एकटी, जमिनीला हात टेकत, हळूहळू उठेपर्यंत थांबले.